खाऱ्या पाण्यातल्या अळ्या

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आमच्या घरात लोणारच्या तळ्याचं पाणी आलं. आम्ही मेहकरला भाड्याच्या घरात राहत होतो. हे तिथल्या शाळेत विज्ञान शिकवत. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि यांची थोरली बहीण. तिला सगळे आक्का म्हणत, मीही आक्काच म्हणायची.

आक्काचं सासर बीबी गावचं. तिचा नवरा लोणारला खाराच्या ठेकेदाराकडे कामाला होता. उन्हाळ्यात तळ्याचं पाणी मागे सरलं की मजूर कमरेइतक्या पाण्यात उतरून तळाचा खार, साबणाला लागतो तो, काढत, आणि तो काठावर उभा राहून ढीग मोजून घेई. एका सकाळी तो मजुरांच्या आधी खाली गेला. मजूर उतरले तेव्हा काठावर त्याच्या वहाणा होत्या, फेटा होता, आणि माणूस नव्हता. पुष्कळ शोधलं, पण काही सापडलं नाही. कोणी म्हणालं, चिखलात रुतला. कोणी म्हणालं, बैराग्यांबरोबर गेला. जर्मनांशी लढाई सुरू होती, त्यामुळे पलटणीत भरती झाला असंही कोणी म्हणालं.

प्रेत नाही म्हणून आक्का विधवा नव्हती, आणि नवरा नाही म्हणून सवाष्णही नव्हती. सासरच्यांनी कुंकू पुसायला सांगितलं, ती पुसेना. तिला माहेरी पाठवून दिली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती माझ्याशी मोजकेच दोन शब्द बोलत असे, कामात हात आखडत नसे, आणि हळदीकुंकवाचं बोलावणं आलं की मागच्या दाराने परसात निघून जाई.

त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. शाळा तपासायला साहेब अमरावतीहून येत. त्या साहेबांनी यांच्या शाळेला सांगितलं होतं की आपल्या तालुक्यात मिळणाऱ्या वस्तूंचं एक कपाट तयार करा. दगड, माती, धान्य, पक्ष्यांची पिसं, जे मिळेल ते. हे होळीच्या सुटीत लोणारला गेले आणि येताना रॉकेलच्या डब्यात तळ्याचं पाणी आणि बुडाचा काळा चिखल घेऊन आले. मला वाटतं, मेहुण्याची पुन्हा एकदा चौकशी करणं हेही मनात होतं. पण ते तसं बोलले नाहीत.

डबा उघडला तसा घरभर सडक्या अंड्यांचा वास पसरला. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“हे काय आणलं रे?”

“तळ्याचं पाणी हाये माय. शाळेसाठी.”

“ज्या पाण्यानं माहा जावई गिळला, ते पाणी माह्या घरात? फेकून दे. आत्ताच्या आत्ता फेक.”

हे काही बोलणार तोच आक्का आतून आली. तिने डब्यात वाकून पाहिलं. आम्हाला वाटलं, आता ही रडेल. ती म्हणाली, “राहू दे माय. माह्या खोलीत ठेव भाऊ.”

तारऑफिसात बॅटरीसाठी जाड काचेच्या चौकोनी पेट्या असत. काठाचा टवका उडालेली अशी एक पेटी तिथल्या बाबूने यांना दिली होती. तिच्यात यांनी आधी चिखल घातला, वर पाणी ओतलं, एक बाभळीची काटकी उभी केली आणि पेटी आक्काच्या खोलीतल्या पश्चिमेच्या खिडकीत ठेवली. वर मलमलचं फडकं बांधलं. पाणी निवळलं तेव्हा हिरवं दिसू लागलं, पाण्यात पालेभाजी वाटून कालवावी तसं.

“यात काही जगत नाही,” हे मला म्हणाले. “मासा नाही, बेडूक नाही. इतका खार कोण सोसणार? मले नुसतं पाहायचंय, पाणी आटल्यावर बुडाशी काय उरतं ते.”

काही आठवडे पेटीत काहीच झालं नाही. उन्हाने पाणी थोडं खाली गेलं आणि काचेवर पांढरी कड धरली. आक्का दुपारची कामं उरकली की पेटीपाशी बसायची. वऱ्हाडातल्या उन्हाळ्याची दुपार काय असते हे तिथे राहिलेल्यालाच कळेल. रस्त्यावर कुत्रं नसतं. पाखरं चोच उघडून सावलीत बसलेली असतात, आणि अंगण इतकं गप्प होतं की भांडं घासलं तरी दचकायला होतं. तशा एका दुपारी आक्का स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“पाण्यात कोणीतरी हालून राह्यलं,” ती म्हणाली.

‘काहीतरी’ नाही, ‘कोणीतरी’ म्हणाली. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी तिच्यामागे गेले. पाणी हिरवं, स्थिर होतं. मला काही दिसलं नाही. संध्याकाळी यांनीही पाहिलं, त्यांनाही दिसलं नाही. हे बाहेर येऊन आईशी हळू आवाजात बोलले, आणि सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “मी म्हणत होती. पोरीचं डोकं जाईन.”

मग तिने रोज सांगायला सुरुवात केली. आज खाली होतं. आज काटकीमागं होतं. आज काचेले तोंड लावून होतं. ती हे इतक्या साध्या आवाजात सांगे, जणू शेजारणीच्या लेकराबद्दल बोलतेय. मला तिच्या खोलीत केर काढायला जायची भीती वाटू लागली. मी पाठ पेटीकडे न करता झाडायची.

आणि एका दुपारी मला दिसलं. आक्का निजली होती. चिखलावरून काहीतरी वर आलं. बोटाच्या नखाएवढं, मळकट पांढरं, अंगाने वळ्यावळ्यांचं. ते अंग आकसत, सोडत वर सरकलं आणि पाण्याच्या कडेला शेपटीने लटकलं. शेपटीला दोन फाटे होते. मग चिखल जागोजाग हलू लागला. एक, दुसरं, मग किती ते मला मोजता येईना. मी मागे सरले आणि कोपऱ्यातली घागर धडकन लवंडली. मागून आक्का म्हणाली, “पायलं ना आता?” ती जागीच होती.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक रंगारी मुसलमान कुटुंब राहत असे. त्यांच्या घरातली म्हातारी आवाज ऐकून धावत आली. तिने पेटीत पाहिलं आणि तोबा तोबा करत मागे सरली. “बहू, ये तो नारू है. हाथ मत लगाना.”

नारूची धास्ती आमच्याकडे घरोघर होती. पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलं की वर्षाने पायाला फोड येई आणि त्यातून दोऱ्यासारखा किडा बाहेर पडे. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला तर पाय सडे. सासूबाईंनी त्याच दिवशी पिण्याचं पाणी दुहेरी फडक्याने गाळायला सुरुवात केली, आणि आक्काच्या खोलीतून आलेल्या कोणालाही पाय धुतल्याशिवाय चुलीजवळ येऊ देईनात.

यांनी शाळेतलं भिंग आणलं. एक अळी चमच्याने काढून बशीत ठेवली. आम्ही तिघंही बशीभोवती वाकलो. सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या.

“नारू नाही हा,” हे म्हणाले. “नारू हातभर लांब असतो, दोऱ्यासारखा. अन् तो गोड्या पाण्यातला.”

“मग जळू?” मी विचारलं.

“जळूले तोंडाशी अन् शेपटीशी चकत्या असतात चिकटायले. इथं नाहीत. गांडूळ म्हणावं तर याले पाय हायेत.” त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. पोटाखाली जोडीजोडीने बुटके पाय होते, आणि पायांना बारीक नख्या. त्या नख्या बशीच्या चिनी मातीवर घसरत होत्या, पुन्हा धरू पाहत होत्या. “गांडुळाले पाय नसतात. हा किडाच नाही, ही अळी हाये. शेपटीनं श्वास घेते, म्हणून वर येऊन लटकते.”

“अळी म्हणजे?” आक्काने विचारलं.

“म्हणजे हे अर्धवट हाये. याचं पुढं दुसरं काहीतरी होणार.”

“काय होणार?”

“ते मले माहीत नाही आक्का.”

आक्काने बशी उचलली आणि अळी पुन्हा पाण्यात सोडली. मग तिने यांना विचारलं, “भाऊ, हे खातात काय?”

नवरा त्याच पाण्यात गेला असेल तर? ती काय विचारतेय ते सासूबाईंनाही उंबऱ्याबाहेर कळलं. हे भिंग पुसत म्हणाले, “शेवाळ खात असतील.”

“असतील का खातात?”

“मले माहीत नाही.”

त्यानंतर पेटी घराबाहेर काढायचं कोणी नाव काढलं नाही. आक्का सकाळपासून तिथे बसू लागली. ती पेटीच्या डाव्या अंगाला बसे, आणि अळ्या डाव्या काचेवर येऊन चिकटत. ती उजवीकडे सरकली की थोड्या वेळाने त्या उजवीकडे जात. हे म्हणाले, तिच्या सावलीने पाणी गार होतं, गारव्याला येत असतील. मलाही ते पटलं. एकदा आक्का परसात कपडे धूत असताना मी मुद्दाम तिच्या जागी तिच्यासारखीच मांडी घालून बसले. ऊन तेच होतं, सावलीही पडली होती. मी पुष्कळ वेळ बसले. एकही अळी आली नाही. मी उठले आणि हे यांना सांगितलं नाही. सांगून काय झालं असतं? त्यांनी दुसरं कारण शोधलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

खोलीच्या आढ्यात चिमण्यांचं घरटं होतं. एक दिवस त्यातलं पिल्लू खाली पडून मेलं. पंख फुटायचे होते, डोळे मिटलेले होते. मी ते सुपलीत घेऊन बाहेर टाकायला निघाले, तर आक्काने माझा हात धरला.

“दे इकडं.”

“आक्का, नोका,” मी म्हणाले.

तिने फडकं सोडलं आणि पिल्लू पाण्यात ठेवलं. ते आधी तरंगलं, मग तिने बाभळीची काटकी कलती करून त्याला खाली दाबून धरलं. घरात शिजलेलं कोणी धड खाल्लं नाही. सासूबाई देवापाशी बसून राहिल्या. हे शाळेतून आले, त्यांनी पेटीत पाहिलं आणि आक्काजवळ खाली बसले. भाऊबहीण तसे शेजारी शेजारी बसलेले मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले.

दुसऱ्या दिवसापर्यंत अळ्या पिल्लावर चढल्या होत्या. अंगभर, मानेला, पायांना. मी बाहेर गेले. आक्का हलली नाही. तिचं तोंड असं झालं होतं की तिला हाक मारायची हिंमत होईना. तिने त्या दिवसांत जे पाहिलं ते काचेच्या पेटीतलं नव्हतं, एवढं मला कळत होतं.

पण दिवस गेले आणि पिल्लू तसंच राहिलं. खाराने त्याची कातडी पांढरट, साबणासारखी झाली. चोच होती, पाय होते, पोट फाटलं नव्हतं. हे रोज भिंगातून पाहत. अळ्या त्यावरचं हिरवं बुळबुळीत चरत होत्या, मांसाला तोंड लावत नव्हत्या. मग त्या एकेक करून हलायच्या थांबल्या. मागच्या पायांच्या नख्यांनी पिल्लाच्या पायाला, काटकीला, जिथे जागा मिळेल तिथे मिठी घालून त्या आकसल्या आणि त्यांच्या अंगावर तपकिरी टरफल आलं. गव्हाचे दाणे चिकटवावेत तशा दिसत होत्या.

आक्काने मला बोलावलं. तिचा आवाज खूप दिवसांनी भरून आलेला होता.

“पाह्य ना वं. खात नाहीत त्या. नुसत्या धरून राहतात.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती रडली. तिच्या नवऱ्याला जाऊन वर्षं झाली होती, आणि तिला रडताना घरात कोणीच पाहिलं नव्हतं. सासूबाई उंबरा ओलांडून आत आल्या, पाय न धुता, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या.

काही दिवसांनी सकाळी आम्ही ते बाहेर येताना पाहिलं. एका टरफलातून चांदीच्या मण्यासारखा बुडबुडा सुटला, वर आला, फुटला, आणि त्या जागी पाण्यावर एक बारीक करडी माशी उभी राहिली. कोरडी ठणठणीत. ती पाण्यावरून चालली, जमिनीवरून चालावं तशी. मग दुसरा बुडबुडा आला. हे लहान मुलासारखे हसले. “माशी! आक्का, खाऱ्या पाण्याची माशी हाये ही! तळ्याच्या काठानं मी पायल्या होत्या, मले सुचलंच नाही.”

पुढच्या दिवसांत खोली माश्यांनी भरली. फडक्यातून कशा सुटल्या कोण जाणे. त्या अन्नावर बसत नव्हत्या, अंगावर बसत नव्हत्या, भणभण करत नव्हत्या. भिंतीला, खिडकीच्या गजांना, आक्काच्या वळकटीला नुसत्या गप्प बसून होत्या, तोंडं सगळ्यांची पेटीकडे. सासूबाईंनी धुरी घालायची तयारी केली, तर आक्का म्हणाली, “त्याइले मारू नोको माय. मी नेऊन सोडते.”

“कुठी?”

“जिथल्या हायेत तथी.”

तिने तेव्हाच सांगितलं की तिला नवऱ्याचे दिवस करायचे आहेत. प्रेत नसलं तर बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत होती. बारा वर्षं व्हायची होती. बीबीहून दीर आला, तोही म्हणाला, थांबावं. आक्का म्हणाली, “मले कळलं आता. मी काऊन थांबू?” काय कळलं ते तिने त्याला सांगितलं नाही, आणि तिच्याकडे पाहून त्यानेही विचारलं नाही.

आम्ही बैलांची दमणी जुंपून लोणारला गेलो. आक्काच्या मांडीवर ती पेटी होती, फडकं बांधलेली. मी त्याआधी तळं पाहिलं नव्हतं. वरून ते एखाद्या मोठ्या परातीच्या तळाशी हिरवं पाणी उरावं तसं दिसतं. उतरताना सीताफळीची आणि बाभळीची झाडी लागते, मोडकी देवळं लागतात. खाली गेलं की वारा थांबतो. वरचं जग, गाड्यांचे आवाज, माणसं, काही ऐकू येत नाही.

काठ काळा होता. मला वाटलं, चिखल. हे पुढे झाले आणि तो काळा पट्टा त्यांच्या पायापुढे उचलला गेला, बाजूला झाला, आणि ते पुढे सरकताच मागे पुन्हा जमिनीवर बसला. माश्या होत्या त्या. तळ्याभोवती नजर जाईल तिथपर्यंत त्यांचा पट्टा होता. आक्का त्यातून चालत गेली. तिच्याभोवती त्या उठत आणि बसत होत्या, आणि आवाज म्हणाल तर कपडा झटकल्याएवढाच.

काही अंतरावर ती थांबली. तिथे पट्टा तुटलेला होता. माणूस आडवा निजेल एवढ्या जागेत एकही माशी नव्हती. नुसती ओली काळी माती. दोन्ही बाजूंनी माश्या कडेपर्यंत येत आणि तिथे थांबत.

“इथं गोड्या पाण्याचा झरा पाझरत असेल,” हे माझ्या कानाशी म्हणाले. “म्हणून बसत नाहीत.” पण ते खाली वाकून माती चाखायला गेले नाहीत.

आक्काने तिथे पेटी उलटी केली. पाणी, चिखल, काटकी, ते पिल्लू, सगळं तळ्यात गेलं. मग तिने तळ्याच्या पाण्याने कपाळ धुतलं. कोणी पुसलं नाही, कोणी बांगड्या फोडायला पुढे झालं नाही. तिचं तिने केलं. दिराने आणलेल्या भटजींनी वर देवळापाशी पुतळ्याला अग्नी दिला, पण तिचं काम खालीच झालं होतं.

त्यानंतर आक्का माणसांत आली. अकोल्याला सुईणीचं शिक्षण घेऊन आली आणि मेहकरजवळच्या डोणगावच्या आसपासच्या गावांतून बाळंतपणं करू लागली. माझी दोन्ही मुलं तिच्याच हातात जन्मली.

एकदा डोणगावच्या बाजारातला खाराचा एक व्यापारी आमच्या घरी आला. त्याने यांना बाजूला घेऊन सांगितलं की जालन्याला खार विकायला बसलेला एक माणूस पाहिला, तो थेट तुमच्या मेहुण्यासारखा होता. उजव्या भुवईवर त्याच्यासारखाच वण होता. व्यापाऱ्याने हाक मारली तर त्या माणसाने पाठ फिरवली. हे दुसऱ्याच दिवशी जालन्याला गेले. बाजारभर विचारलं. खार विकणारा तसा कोणी तिथे कधी बसलाच नव्हता, असं आजूबाजूचे दुकानदार म्हणाले.

आक्काला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं होतं. पण असल्या गोष्टी कानावर जातातच. ती घरी आली तेव्हा मीच तिला विचारलं, “आक्का, तुम्हाले काय वाटते?”

ती हात धूत होती. बाळंतिणीच्या घरून आली होती. नखं घासता घासता म्हणाली, “बसला असेल कोणी. भुवईवर वण पुष्कळांच्या असतो.” मग पाणी ओतून घेतलं, पदराने हात पुसले आणि चुलीपाशी येऊन बसली. “मले वाढ बाई. लय भूक लागली.”